एका नांवाचीं तीन रूपें

कापसाच्या आणि कोळशाच्या आमच्या वणी तालुक्यांत पति निवर्तलेल्या स्त्रीला मुलांच्या संगोपनासाठीं सरकारी साहाय्य मिळतें काय, असें कोणीं विचारल्यास 'मिळतें' असेंच सांगावें लागेल. आईबाप नसलेल्या किंवा दोहोंपैकीं एकच उरलेल्या अठरा वर्षांखालील मुलांसाठीं राज्याची बालसंगोपन योजना आहे. २०२३ सालीं तिची रक्कम दरमहा २२५० रुपये झाली आणि तिला सावित्रीबाई फुले यांचें नांव लाभलें. परंतु मंजूर असणें निराळें आणि हातीं पडणें निराळें.

अर्जासोबत बापाच्या मृत्यूचा दाखला, आईचें व मुलाचें आधारपत्र, शिधापत्रिका, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, शाळेचा दाखला, बँकेचें पुस्तक इतकें जोडावें लागतें. मग घरीं चौकशी होते आणि बालकल्याण समितीचा आदेश निघतो. यांपैकीं एकही मागणी अवाजवी नाहीं. अडचण आहे ती ह्या कागदांच्या आपसांतील भांडणाची. एकावर 'आत्राम', दुसऱ्यावर 'अत्राम'. आधारपत्र माहेरच्या नांवाचें, शिधापत्रिका सासरच्या. सुशिक्षित घरांत अशी चूक फार दिवस टिकत नाहीं. कोलाम पोडावरील बाईची घरची बोली कोलामी. तिला मराठी बोलतां येतें, पण लिहिलेलें वाचतां येतेंच असें नाहीं. लिहिणाऱ्यानें ऐकलें तसें लिहिलें, तिनें अंगठा उमटविला. पुढें दुरुस्तीसाठीं एकेक फेरा, आणि दर फेऱ्याला एका दिवसाची मजुरी बुडाली. वेचणीच्या दिवसांत तर ती निघूंच शकत नाहीं.

येथें माझाच एक दोष सांगितला पाहिजे. मी पस्तीस वर्षें मास्तरकी केली. शाळा उघडली कीं आम्ही पोडावरून मुलें गोळा करून आणीत असूं. जन्माची नोंद बहुधा नसे. डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरावयास लावावयाचें. हात पुरला कीं सहा वर्षें मोजून १ जुलै ही जन्मतारीख टाकावयाची! आडनांवही माझ्या कानाला आलें तसें. दाखलखारीज पुस्तकांत एकदां उतरलें कीं तें पक्कें झालें.

दोन वर्षांपूर्वीं माझी एक जुनी विद्यार्थिनी दोन मुलांचे कागद घेऊन आली. आधारपत्र व बँकेचें पुस्तक यांतील नांवें जुळत नव्हतीं. दुरुस्तीला पुरावा म्हणून तिनें शाळा सोडल्याचा दाखला काढला, तर त्यावर तिसरेंच रूप! मूळ नोंद पाहिली. अक्षर माझेंच होतें.

तेव्हांपासून कोणी विचारावयास आलें कीं मी प्रथम सारे कागद चटईवर शेजारीं शेजारीं मांडावयास सांगतों आणि नांव, बापाचें वा नवऱ्याचें नांव, जन्मतारीख हीं अक्षरशः ताडून पाहतों. भेद दिसला तर आधीं तो मिटवावयाचा, मग अर्ज. तिच्या कागदांना पांच महिने लागले. तोंवर थोरल्याला अठरा पूर्ण झालीं. अर्ज गेला तो धाकटीचा तेवढा.