नोड मेला की नुसता हरवला?

सेन्सर नेटवर्क हा विषय आता आपल्याला नवा राहिलेला नाही. फायनल इयरच्या एखाद्या तरी ग्रुपचा प्रोजेक्ट त्यावर असतोच. छोटी सर्किटं, प्रत्येकाला एक बॅटरी आणि एक रेडिओ. ती शेतात नाहीतर गच्चीवर ठेवायची आणि तापमान, आर्द्रता मोजायची. कॅन्सर हा विषय मात्र आपण "मेडिकलवाल्यांचा" म्हणून सोडून देतो. पण या दोन्हींच्या मुळाशी गणिताचा एकच प्रश्न आहे. त्याचं उत्तर एका टेलिफोन प्रयोगशाळेतल्या गणितज्ञाने आणि वैद्यकीय संशोधनातल्या एका संख्याशास्त्रज्ञाने मिळून दिलं, ही गोष्ट आपल्या सिलॅबसमध्ये कुठेच येत नाही. म्हणून हा लेख.

1956 साली स्कॉटलंडमधल्या ऑबानपासून कॅनडातल्या क्लॅरनव्हिलपर्यंत, अटलांटिकच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल सुरू झाली. तिचं नाव टॅट-1. जायला एक आणि यायला एक अशा दोन केबली होत्या. प्रत्येकीत 51 रिपीटर आणि प्रत्येक रिपीटरमध्ये तीन व्हॅक्यूम ट्यूब. म्हणजे एकूण 306 ट्यूब. एक जरी गेली तरी जहाज पाठवून समुद्राच्या तळातून केबल वर ओढायची! त्यामुळे ट्यूब किती वर्षं टिकेल हे आधीच कळणं भाग होतं. पण वीस वर्षं टिकणारी ट्यूब तपासायला वीस वर्षं थांबणार कोण? टेस्ट संपवायची वेळ येते तेव्हा बऱ्याचशा ट्यूब मस्त चालू असतात. मग त्यांचं आयुष्य किती धरायचं? (ही केबल 1978 पर्यंत चालली, हे जाता जाता.)

अशा समुद्री केबलींमधल्या ट्यूबचा हाच प्रश्न बेल लॅब्जमध्ये एडवर्ड कॅप्लन यांच्यासमोर होता. साधारण त्याच काळात जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात पॉल मायर रुग्णांच्या आयुष्याबद्दल तोच प्रश्न सोडवत होते. अभ्यास संपतो तेव्हा काही रुग्ण जिवंत असतात. काही जण गाव बदलतात, काही दवाखान्यात येणंच बंद करतात. त्यांचं काय करायचं? दोघांनी आपापले पेपर एकाच जर्नलकडे पाठवले आणि जर्नलने सुचवलं, एकत्र लिहा. पुढची चार वर्षं दोघांची पत्रापत्री चालली. तेवढ्यात तिसराच कोणीतरी छापून मोकळा होईल ही धाकधूक दोघांनाही होती. दोघांचे गुरू एकच, जॉन ट्युकी. हो, डीएसपीच्या पेपरात आपल्याला रडवणाऱ्या एफएफटीमधले ट्युकी तेच. अखेर 1958 मध्ये पेपर छापून आला. 2014 साली 'नेचर'ने जगातल्या सर्वाधिक संदर्भ दिल्या गेलेल्या शोधनिबंधांची यादी केली, त्यात हा अकरावा होता.

आता पद्धत बघू. समजा, गच्चीवर 10 नोड लावले. विसाव्या दिवशी एक बंद पडला. तिसाव्या दिवशी गच्चीच्या रंगकामासाठी दोन चालू नोड काढून घ्यावे लागले. पंचेचाळिसाव्या दिवशी एक गेला, साठाव्या दिवशी आणखी एक. पंचाहत्तराव्या दिवशी सेमिस्टर संपलं तेव्हा पाच चालू होते. तर एखादा नोड साठ दिवसांच्या पलीकडे टिकण्याची शक्यता किती?

काढलेले दोन मेले असं धरलं तर उत्तर 50 टक्के येतं. जिवंत धरले तर 70. दोन्ही लबाडी. त्यांना हिशेबातून पार काढलं तर 62.5 टक्के येतं. हे त्यातल्या त्यात बरं, पण ते दोन नोड तीस दिवस नीट चालले ही माहिती फुकट गेली. कॅप्लन-मायर म्हणतात, एकेक टप्पा घ्या. विसाव्या दिवशी दहापैकी नऊ उरले, म्हणजे 0.9. पंचेचाळिसाव्या दिवशी आपल्या नजरेखाली सातच होते, त्यातले सहा उरले. साठाव्या दिवशी सहापैकी पाच. सगळ्यांचा गुणाकार करा: 0.9 गुणिले 6/7 गुणिले 5/6, बरोबर 0.643. म्हणजे सुमारे 64 टक्के. काढलेले नोड जोवर नजरेखाली होते तोवर मोजले, नंतर त्यांच्याबद्दल काहीच बोललो नाही.

एवढंच आहे सगळं! फर्स्ट इयर पास होण्याची शक्यता गुणिले सेकंड इयरची गुणिले थर्ड इयरची, तसंच. जो मध्येच बदली घेऊन दुसऱ्या कॉलेजला गेला त्याला नापास म्हणायचं नाही, पासही म्हणायचं नाही. या अर्धवट माहितीला सेन्सॉरिंग म्हणतात. सेन्सर वेगळा, सेन्सॉर वेगळा. व्हायवाला गोंधळ करू नका.

पण या गणितात एक अट लपलेली आहे आणि खरी गोम तिथेच आहे. जो नजरेआड झाला त्याचं नजरेआड होणं हे त्याच्या तब्येतीवर अवलंबून नसावं. रंगकामासाठी काढलेला नोड चालेल. पण बॅटरी उतरल्यामुळे ज्याचा रेडिओ पोचेनासा झाला त्याला आपण "हरवला" म्हणून लिहिलं, तर आलेख नेटवर्कची तब्येत आहे त्यापेक्षा चांगली दाखवेल. माणसांच्या बाबतीत हे फार गंभीर होतं. दूरच्या गावाहून मुंबईला उपचाराला आलेला रुग्ण पैसे संपले, ताकद संपली म्हणून परत येत नाही. फाइलवर "फॉलो-अप नाही" एवढंच उरतं. असे बरेच असतील तर उपचाराचे आकडे उगाच गुलाबी दिसतात, आणि त्याच आकड्यांवर पुढच्या रुग्णाला सल्ला दिला जातो.

म्हणूनच बार्शीच्या कामाचं मोल मोठं. तिथे 1987 साली देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतल्या गावांत माणसं स्वतः जातात, चौकशी करतात, रुग्णाचं पुढे काय झालं ते घरी जाऊन विचारतात. नेटवर्कच्या भाषेत सांगायचं तर उत्तर न देणाऱ्या प्रत्येक नोडपाशी कोणीतरी चालत जातं. याला कुठलाही प्रोटोकॉल पर्याय नाही.

डॉक्टर जेव्हा "एवढे महिने" म्हणतात तेव्हा तो आकडा बहुधा अशाच आलेखावरचा मध्यक असतो. स्टीफन जे गूल्ड या अमेरिकन जीवाश्मशास्त्रज्ञाला 1982 मध्ये पोटाच्या आवरणाचा मेसोथेलिओमा झाला. तेव्हा तो चाळीस वर्षांचा होता. लायब्ररीत जाऊन त्याने वाचलं: मध्यक आठ महिने. पण मध्यक म्हणजे निम्मे त्याच्या अलीकडे आणि निम्मे पलीकडे, आणि पलीकडची बाजू लांबच लांब पसरलेली. आपलं वय कमी, रोग लवकर कळलेला, उपचार चांगला आणि नवा. म्हणजे आपण त्या शेपटीत असू शकतो, असा हिशेब त्याने मांडला. तो पुढे वीस वर्षं जगला आणि 2002 मध्ये वेगळ्याच कॅन्सरने गेला. प्रत्येकाचं असंच होईल असा याचा अर्थ नाही, कारण आलेखाची डावी बाजूही खरीच आहे. पण "आठ महिने" ही फाशीची तारीख नव्हे, एवढं तरी इंजिनिअरला कळायला हवं. वय, रोगाची पायरी अशा गोष्टींचा धोक्यावर किती परिणाम होतो हे एकत्र तपासायची सोय डेव्हिड कॉक्स यांनी 1972 मध्ये करून दिली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता एक कामाची गोष्ट. घरातल्या कोणाच्या रिपोर्टसोबत किंवा नेटवर असा पायऱ्यांचा आलेख दिसला तर आधी खाली बघा. प्रत्येक टप्प्याला किती जण नजरेखाली उरले होते त्याची एक ओळ असते. रेघेवरच्या बारीक उभ्या खुणा म्हणजे सेन्सॉर झालेली माणसं. उजव्या टोकाला रेघ छान सपाट दिसते, पण खालच्या ओळीत तिथे तीन किंवा चार असा आकडा असेल, तर त्या सपाट रेघेवर फार भरवसा ठेवू नका. आणि आकडाच दिला नसेल, तर तो मागून घ्या.