सादरीकरणाचा रकाना

वक्तृत्व स्पर्धेच्या परीक्षकाला संयोजक एक छापील कागद देतात. विषयाची मांडणी, भाषा, सादरीकरण, वेळेचं भान असे रकाने आणि खाली सहीची जागा. मी मराठीचा मास्तर. निवृत्तीनंतर धामणगावातच असतो, त्यामुळे गॅदरिंगच्या दिवसांत चांदूर रेल्वेपासून पुलगावपर्यंत बोलावणी येतात (शाल, नारळ, फिकट चहा आणि नशीब असलं तर न्यायला गाडी). मांडणीचे आणि भाषेचे गुण द्यायला मला फारसं अडत नाही. अडतं ते सादरीकरणाशी. आमच्याकडे तो रकाना बहुधा आवाजाला जातो. ज्याचा आवाज मोठा, त्याचे गुण मोठे.

अलीकडे कुठे ना कुठे एक विषय असतोच, 'इंटरनेटवरील बंधने : गरज की गळचेपी?' मोठ्या आवाजाचं पितळ या विषयात लवकर उघडं पडतं. दुष्काळावर बोलणाऱ्याचं निम्मं काम श्रोत्यांनी स्वतः पाहिलेल्या दुष्काळानं केलेलं असतं. इंटरनेटवरची बंदी मात्र डोळ्यांना दिसत नाही. जे पान उघडलंच नाही, ते होतं हेही वाचणाऱ्याला कळत नाही. वक्त्याला इथे नसलेली गोष्ट दाखवायची असते, आणि ती ओरडून दिसत नाही.

एका स्पर्धेतला मुलगा आठवतो. 'सन्माननीय व्यासपीठ, विचारपीठ' झालं, एक शेर झाला, मूठ वळली, अभिव्यक्तीचा गळा घोटला गेला. मग एका दमात कलम ६६अ, काश्मीर, टिकटॉक. २०२४ साली भारतात ८४ वेळा इंटरनेट बंद झालं, हा 'ॲक्सेस नाऊ' या संस्थेचा आकडा त्याच्याकडे होता, पण तोही त्यानं गाडी सुटत असल्यासारखा फेकला. टाळ्या पडल्या. माझ्या शेजारच्या परीक्षकांनी मान डोलावली. मुलाला आवाजाची देणगी होती यात शंका नाही. पण कुठे थांबायचं हे त्याच्या आवाजाला कळत नव्हतं, कारण तीन निरनिराळ्या गोष्टी त्यानं मनात वेगळ्या केलेल्याच नव्हत्या.

पहिली गोष्ट, लिहिणाऱ्याला शिक्षा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६अ कलमात, नुसता त्रास किंवा गैरसोय व्हावी म्हणून मुद्दाम खोटा मजकूर पाठवला तरी तीन वर्षांपर्यंत कैद होती. नोव्हेंबर २०१२मध्ये, बाळासाहेब ठाकरे गेल्यानंतरच्या बंदविषयी पालघरच्या एका मुलीनं फेसबुकवर चार ओळी लिहिल्या. दुसरीनं त्या नुसत्या 'लाइक' केल्या. दोघींना अटक झाली. हे सांगताना 'लाइक' या शब्दानंतर वक्त्यानं क्षणभर थांबायला हवं. त्या थांबण्याचे मी दोन गुण देतो. श्रेया सिंघल या कायद्याच्या विद्यार्थिनीच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयानं २४ मार्च २०१५ रोजी ते कलमच रद्द केलं.

दुसरी गोष्ट, मजकूर किंवा ॲप अडवणं. ते ६९अ कलमाखाली होतं आणि ते कलम न्यायालयानं कायम ठेवलं. २९ जून २०२० रोजी टिकटॉकसह ५९ ॲप्सवर बंदी आली ती याच कलमाखाली. २००९च्या नियमांप्रमाणे यातल्या तक्रारी आणि त्यांवरची कारवाई गोपनीय ठेवायची असते. इथे आवाज चढवण्यापेक्षा एक साधा प्रश्न विचारावा, 'माझं लिहिलेलं का काढलं हे मला कोण सांगणार?' आणि उत्तर न देता पुढे जावं.

तिसरी गोष्ट, एखाद्या गावाचं किंवा जिल्ह्याचं इंटरनेटच बंद करणं. त्यासाठी २०१७चे नियम आले. काश्मीरमधल्या बंदीविरुद्ध पत्रकार अनुराधा भसीन यांनी केलेल्या याचिकेवर १० जानेवारी २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत आणि बंदी बेमुदत चालणार नाही. पुढे एकेका आदेशाला १५ दिवसांची मर्यादा पडली.

आणखी एक मुद्दा आमच्याकडच्या पोरांच्या तोंडी अजून ऐकला नाही. सरकारच्या कारभाराविषयीचा मजकूर खोटा आहे की खरा, हे सरकारच्याच तथ्यतपासणी पथकानं ठरवावं, अशी तरतूद आली होती. मुंबई उच्च न्यायालयात दोन न्यायमूर्तींची मतं वेगळी पडली. मग तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांनी २० सप्टेंबर २०२४ रोजी ती घटनाबाह्य ठरवली. नागपुरात वर्षानुवर्षं वकिली केलेला माणूस. विदर्भातल्या वक्त्यानं हे नाव घ्यायला काय हरकत आहे?

त्याच स्पर्धेत जवळच्या खेड्यातली एक मुलगी होती. तिनं शेर म्हटला नाही. नोव्हेंबर २०२१मध्ये अमरावतीत दंगल झाली, कर्फ्यू लागला, इंटरनेट बंद झालं, तिथून तिनं सुरुवात केली. तिचा भाऊ तेव्हा अमरावतीत खोली करून स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत होता. मेस बंद. बापानं सोयाबीन विकलेलं, पैसे बँकेत, पण मोबाइलवरून ते पाठवता येईनात. फोन मात्र लागत होता. "आई विचारे, पोयी खाल्ली का? दादा म्हणे, हो खाल्ली." एवढं बोलून ती थांबली. पुढचं तिनं सांगितलंच नाही.

मग तिनं विचारलं, "सांगा बरं, नेट बंद करा लागत व्हतं का नाई?" मागून एक सर बोलले, "करायलाच पाहिजे होतं, अफवा पसरतात!" बहुतेक स्पर्धक इथे गडबडतात, कारण पाठांतरात हे सर नसतात. तिनं मान हलवली. "पसरतात सर. व्हॉट्सॲपवरच पसरतात. पन नेट बंद झाल्यावर अफवा तोंडानं आली, आन् ती खोटी हाये हे पाह्याले मोबाइलवर काहीच नोतं." सर खाली बसले. पटलं की नाही कोण जाणे, पण ते ऐकत होते.

ही रीत वऱ्हाडाला नवी नाही. गाडगेबाबा कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर आल्याशिवाय पुढे सरकत नसत. १९५६च्या नोव्हेंबरात वांद्र्याला झालेल्या त्यांच्या शेवटच्या कीर्तनाचं ध्वनिमुद्रण आहे. सादरीकरण म्हणजे काय हे ज्याला शिकायचं असेल त्यानं ते ऐकावं.

गुणांच्या बेरजेच्या वेळी आमची जुंपली. सहपरीक्षकांनी 'पोयी' आणि 'हाये'चे गुण कापले होते. स्पर्धा मराठीची आहे, वऱ्हाडीची नाही, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही. प्रमाण भाषा यायला हवी, आणि निवेदनात तिची ती चांगली होती. पण आईचं वाक्य आईच्याच तोंडात शोभतं. 'पोळी खाल्लीस का' म्हटलं असतं तर ती आई पुण्याची झाली असती.

मी त्यांना यवतमाळची आठवण करून दिली. यवतमाळला रेल्वेनं येणारा माणूस तेव्हा आमच्याच स्टेशनावर उतरायचा, म्हणून जानेवारी २०१९चं ते साहित्य संमेलन आम्हाला घरचंच होतं. लेखिका नयनतारा सहगल यांना उद्घाटनाचं निमंत्रण दिलं आणि ऐनवेळी मागे घेतलं. त्यांचं न झालेलं भाषण मराठीत भाषांतरित होऊन मोबाइलवरून फिरलं, माझ्याकडेही आलं. व्यासपीठानं नाकारलेले शब्द इंटरनेटनं पोचवले. मांडणीचे आणि भाषेचे गुण त्या कागदावरून देता आले असते. सादरीकरणाचा रकाना कोराच राहिला असता, कारण त्यांना उभंच राहू दिलं नव्हतं. उद्घाटनाला मग राजूरच्या वैशाली येडे उभ्या राहिल्या. शेतकऱ्याची विधवा, आपल्याच बोलीत बोलणारी. मंडपानं त्यांना ऐकून घेतलं. तिथे कुणी उच्चाराचे गुण कापल्याचं ऐकिवात नाही.

सहपरीक्षक हसले, पण आकडा बदलला नाही. मुलगी दुसरी आली, मूठवाला पहिला.

आपल्याकडे स्पर्धक आकडा घेऊन घरी जातो, आपलं काय जमलं आणि काय नाही हे त्याला कुणी सांगत नाही. अमेरिकेत राल्फ स्मेडली यांनी १९२४मध्ये सुरू केलेल्या टोस्टमास्टर्स मंडळात वक्त्यानंतर मूल्यमापक उभा राहतो आणि दोन-तीन मिनिटांत सर्वांसमोर सांगतो, हे चांगलं झालं, हे असं करून पाहा. 'अं अं' किती वेळा झालं ते मोजायलाही तिथे माणूस असतो. मी संयोजकांना म्हटलं, निकालाआधी मला प्रत्येकाविषयी एकेक मिनिट बोलू द्या. त्या मुलाला मला सांगायचं होतं की बाबा, तुझा आवाज चांगला आहे, तो पालघरच्या मुलींसाठी खाली आण. संयोजक म्हणाले, "सर, वेळ कुठे आहे? प्रमुख पाहुणे आले ना."

प्रमुख पाहुणे पाऊण तास बोलले. त्यांच्यासाठी घंटा नसते.