मालाडचे म्युनिककर

१९२५ साली हिमांशु रॉय जर्मनीतून चित्रपटाचं एक छोटं पथक घेऊन हिंदुस्थानात आले. गौतम बुद्धाच्या आयुष्यावरचा ‘प्रेम संन्यास’ हा मूकपट त्यांना इथल्याच राजवाड्यांत, इथल्याच गर्दीत काढायचा होता. दिग्दर्शक होते फ्रान्झ ऑस्टेन. कॅमेऱ्यावर विली कीरमायर, आणि त्यांच्या जोडीला म्युनिकच्या एमेल्का स्टुडिओतला बावीस वर्षांचा एक तरुण, योसेफ विर्शिंग. हा पोरसवदा छायालेखक पुढे या मातीत असा रुजला की त्याला मरण आलं तेही मुंबईतच, १९६७ साली.

‘प्रेम संन्यास’च्या सुरुवातीच्या पाटीवरच निर्मात्यांनी अभिमानानं सांगून ठेवलं आहे, की या चित्रपटात स्टुडिओतले सेट नाहीत, कृत्रिम दिवे नाहीत, रंगरंगोटी नाही. ही जाहिरात झाली. कॅमेरामनला तिचा अर्थ वेगळाच कळतो: सगळा चित्रपट सूर्याच्या मर्जीवर. जयपूरच्या महाराजांनी हत्ती दिले, माणसं दिली, पोशाख दिले. पण दुपारच्या उन्हात पांढऱ्याफटक भिंतीसमोर सावळा चेहरा उभा केला की काय करायचं, हा प्रश्न विर्शिंग आणि कीरमायर यांनाच सोडवायचा होता. भिंतीकडे बघून भिंग मिटवलं तर चेहरा काळा पडतो, चेहऱ्याकडे बघून उघडलं तर भिंत जळून जाते. अशा वेळी सावली शोधायची, सकाळ-संध्याकाळचं तिरकं ऊन गाठायचं, रिफ्लेक्टरनं उजेड वळवून चेहऱ्यावर आणायचा. त्या काळात सर्रास वापरल्या जाणाऱ्या फिल्मला लाल रंग दिसतच नसे, त्यामुळे तांबडे ओठ काळे उमटत आणि निळं आभाळ पांढरं.

मूकपटाच्या कॅमेरामनला एक सुख मात्र होतं. कॅमेरा उचलला, तिकाटण्यावर ठेवला, दांडा फिरवला, की झालं. दिग्दर्शक मोठ्यानं सूचना देवो, हत्ती चीत्कारोत, बघे ओरडोत, फिल्मवर त्यातलं काहीच उतरत नसे.

विर्शिंग मुंबईत परतले तेव्हा हे सुख संपलेलं होतं. हिमांशु रॉय आणि देविकाराणी यांनी १९३४ साली मालाडला ‘बॉम्बे टॉकीज’ उभी केली. तिच्या संचालकांत सर चिमणलाल सेटलवाड, सर फिरोज सेठना यांच्यासारखी प्रतिष्ठित मंडळी होती. आवारातच ध्वनिबंद स्टुडिओ, प्रयोगशाळा, संकलनाच्या खोल्या असा सगळा जामानिमा होता. ऑस्टेन दिग्दर्शनाला आले आणि छायालेखनाचा भार विर्शिंग यांच्यावर आला. १९३५ च्या ‘जवानी की हवा’पासून १९३९ च्या ‘कंगन’पर्यंत दोघांनी मिळून पंधरा-सोळा बोलपट काढले.

बोलपटानं कॅमेरामनचे हात कसे बांधले, हे नीट समजून घेतलं पाहिजे. त्याशिवाय विर्शिंग यांच्या कामाची किंमत कळत नाही. दांडा जाऊन विजेची मोटर आली आणि वेग सेकंदाला २४ चित्रांवर कायमचा ठरला. हातानं वेग कमी-जास्त करून प्रसंग खुलवण्याची सोय गेली. कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोननं पकडू नये म्हणून त्याला जाड वेष्टणात कोंडावं लागलं, आणि एके काळचं सुटसुटीत यंत्र हलवायला दोन-तीन माणसं लागू लागली. मूकपटांतले कार्बनचे प्रखर दिवे आवाज करत, म्हणून तारेचे मोठे बल्ब आले. ते गप्प असत, पण भट्टीसारखे तापत. शॉट सुरू झाला की दारं बंद, पंखे बंद. मुंबईच्या मे महिन्यात त्या बंद स्टुडिओत भरजरी शालू नेसून उभं राहणाऱ्या नटीच्या चेहऱ्यावर घाम दिसू द्यायचा नाही, हेही छायालेखकाच्याच डोक्याला.

सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे मायक्रोफोनची सावली. आवाज स्वच्छ यावा म्हणून ध्वनिमुद्रकाला मायक्रोफोन नटाच्या डोक्यावर अगदी जवळ हवा. छायालेखकाचा मुख्य दिवाही वरूनच यायचा. दिवा लागला की मायक्रोफोनची काळी सावली भिंतीवर, नाहीतर थेट नायकाच्या कपाळावर. मग दिवा हातभर सरकवायचा, पडदा आड धरायचा, पुन्हा तालीम घ्यायची. नट चार पावलं चालणार असेल तर त्या चारही पावलांची सावली आधी मोजून ठेवायची. एका साध्या संवादामागे एवढी खटपट असे.

‘अछूत कन्या’ (१९३६) बघताना ही खटपट मुळीच जाणवत नाही, यातच विर्शिंग यांची उस्तादी आहे. चित्रपट उघडतो रात्री, रेल्वेच्या फाटकावर. फाटकवाल्याची मुलगी कस्तुरी म्हणजे देविकाराणी. तिच्या क्लोज-अपमध्ये चेहऱ्यावरचा उजेड मऊ आहे आणि मागून येणारा दुसरा उजेड केसांची कड उजळवून तिला अंधारातून अलगद वेगळं काढतो. ही जर्मन स्टुडिओंतली शिस्त. पण ती गोऱ्या कातडीसाठी घडलेली होती. हिंदुस्थानी चेहऱ्याचा रंग पांढरा न करता तो उजळ कसा ठेवायचा, हे विर्शिंग यांनी मालाडला राहून कमावलं. एक तक्रार मात्र नोंदवलीच पाहिजे. याच उजेडामुळे कस्तुरीचं दारिद्र्य जरा जास्तच देखणं दिसतं. गावकुसाबाहेरच्या मुलीच्या भुवया इतक्या कोरीव असतात का, असा प्रश्न पडतो. ही मर्यादा त्या स्टुडिओच्या साऱ्या दृष्टीचीच होती.

कस्तुरीसमोर उभा असलेला नायकही मूळचा कॅमेऱ्यामागचाच. अशोककुमार प्रयोगशाळेत साहाय्यक होते. नायक नजमुल हसनवर काट मारली गेली आणि रॉय यांनी त्यांना मेकअपच्या खुर्चीत बसवलं. मालाडचा स्टुडिओ अशी शाळाच होता. विर्शिंग यांच्या हाताखाली तयार झालेल्या आर. डी. परीन्जा यांनी १९४३ मध्ये ‘किस्मत’चं छायालेखन केलं, आणि तो चित्रपट कलकत्त्याच्या एकाच थिएटरात तीन वर्षांहून अधिक काळ चालला.

‘किस्मत’च्या वेळी गुरू मात्र स्टुडिओत नव्हते. १९३९ च्या सप्टेंबरात महायुद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारनं इथल्या जर्मनांना शत्रुराष्ट्राचे नागरिक म्हणून पकडलं. ‘कंगन’चं काम चालू असतानाच ही धाड आली. १९४० च्या मे महिन्यात हिमांशु रॉय वारले. युद्धाची वर्षं विर्शिंग यांनी नजरकैदेच्या छावण्यांत काढली. छायालेखकाच्या भर उमेदीतली ती वर्षं होती.

सुटल्यावर ते जर्मनीला कायमचे परतले नाहीत, हे आपलं भाग्य. १९४९ साली त्याच बॉम्बे टॉकीजसाठी, कमाल अमरोही यांच्या पहिल्या दिग्दर्शनात, त्यांनी ‘महल’ टिपला. ओसाड हवेली, भिंतीवर नायकाशी हुबेहूब जुळणारं जुनं चित्र, आणि झोपाळ्यावर मधुबाला. ‘अछूत कन्या’त उजेड चेहरा दाखवतो, ‘महल’मध्ये तो चेहरा लपवतो, अर्धाच दाखवतो, पुन्हा अंधारात ओढून नेतो. नायिका जिवंत आहे की भूत, या प्रश्नावर अख्खा चित्रपट उभा आहे आणि तो प्रश्न संवादांपेक्षा दिव्यांनी जास्त ताणून धरला आहे. आपल्याकडच्या पुढच्या रहस्यपटांवरचं ‘महल’चं ऋण फेडता येण्यासारखं नाही.

पुढे ‘दिल अपना और प्रीत पराई’ (१९६०), आणि मग ‘पाकीज़ा’. कृष्णधवलात सुरू झालेला ‘पाकीज़ा’ रंगीत झाला, सिनेमास्कोप झाला, वर्षानुवर्षं रखडला. तो पुरा होण्याआधीच विर्शिंग गेले. उरलेलं काम इतर नामवंत छायालेखकांनी पुरं केलं, आणि १९७२ साली चित्रपट लागला तेव्हा पडद्यावर छायालेखक म्हणून नाव विर्शिंग यांचंच होतं.

शूटिंगच्या फावल्या वेळात ते लायका कॅमेऱ्यानं स्थिरचित्रं काढत. सेटवरचे कामगार, रिफ्लेक्टर धरून उभे असलेले साहाय्यक, दोन शॉट्सच्या मधल्या वेळात विसावलेल्या देविकाराणी. हा ठेवा त्यांच्या कुटुंबानं जपला, २०१७ मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्याचं प्रदर्शन भरलं आणि २०२३ मध्ये देबश्री मुखर्जी यांच्या संपादनाखाली त्याचं पुस्तकही निघालं. ते जरूर पाहावं. आणि जमलं तर ‘प्रेम संन्यास’, ‘अछूत कन्या’ आणि ‘महल’ हे तिन्ही चित्रपट याच क्रमानं, एकदा तरी फक्त उजेडाकडे लक्ष ठेवून बघावेत.