टॅक्सी परतली, भरवसा परतला का?

अनोळखी माणसाच्या गाडीत बसून शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जाणे, ही मुंबईकराच्या इतक्या अंगवळणी पडलेली गोष्ट आहे की, त्यात भरवशाचा काही भाग असतो हे एरवी त्याच्या ध्यानातही येत नाही. करोनाच्या साथीने हा भरवसा एका फटक्यात हिरावून घेतला. ९ मार्च २०२० रोजी पुण्यात राज्यातील पहिले दोन रुग्ण आढळले. दुबईहून परतलेल्या त्या दांपत्याला मुंबई विमानतळावरून पुण्यास नेणारा टॅक्सीचालकही दुसऱ्याच दिवशी बाधित असल्याचे निष्पन्न झाले. राज्यातील अगदी पहिल्या मोजक्या रुग्णांत एक टॅक्सीचालक असावा, हा योगायोग नव्हता. बंद गाडी, काही तासांचा प्रवास आणि दोन-अडीच हातांचे अंतर या तिन्ही गोष्टी विषाणूला अनुकूल होत्या. ‘पुन्हा टॅक्सीत बसावे का?’ हा प्रश्न तेव्हापासून लाखो प्रवाशांपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर त्यांनी कसे शोधले, हे पाहण्यासाठी चेंबूरइतके बोलके उदाहरण मुंबईत क्वचितच सापडेल.

वेशीबाहेरचे उपनगर

मुंबईत रिक्षा धावतात त्या केवळ उपनगरांत. पश्चिमेला वांद्रे आणि पूर्वेला सायन ही त्यांची वेस. चेंबूर या वेशीच्या अगदी अलीकडे वसलेले आहे. त्यामुळे चेंबूरकराला घाटकोपर, गोवंडी वा कुर्ल्याला जायचे तर रिक्षा चालते. दादर, परळ किंवा फोर्टात जायचे तर लोकल, बस अथवा टॅक्सी एवढेच पर्याय उरतात. हार्बर मार्गावरून दादरला थेट गाडी नाही. कुर्ल्याला गाडी बदलावी लागते. वडाळ्याकडे जाणारी मोनोरेल फेब्रुवारी २०१४ मध्ये सुरू झाली आणि मार्च २०१९ मध्ये ती संत गाडगे महाराज चौकापर्यंत पोहोचली. परंतु तिच्या फेऱ्यांमधील अंतर मोठे असल्याने ती उपनगराचा मुख्य आधार कधीच बनली नाही. २० सप्टेंबर २०२५पासून तर ती यंत्रणेच्या सुधारणेसाठी बंद करण्यात आली.

याच काळात रस्ते मात्र झपाट्याने सुधारले. २०१३-१४ मध्ये पूर्व मुक्त मार्ग खुला झाला, २०१४ मध्ये सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये चुनाभट्टीहून वांद्रे-कुर्ला संकुलाकडे जाणारा उड्डाणपूल वाहतुकीस मिळाला. साधारण याच वर्षांत ओला-उबरने मुंबईत बस्तान बसवले. घराच्या फाटकाशी गाडी बोलवावी, भाडे आधीच कळावे आणि ‘तिकडे येणार नाही’ हे ऐकावे लागू नये, हे या सेवेचे मोठे आकर्षण होते. वांद्रे-कुर्ला संकुलातील नोकरदार, विमानतळावर जाणारे प्रवासी आणि टिळकनगरजवळच्या लोकमान्य टिळक टर्मिनसवर सामानासह उतरणारी कुटुंबे यांच्यासाठी अ‍ॅपआधारित टॅक्सी ही चैन राहिली नव्हती. ती गरज झाली होती.

बंदी, भीती आणि निरुपाय

२२ मार्च २०२०ला जनता संचारबंदी झाली, त्याच मध्यरात्रीपासून लोकल थांबली आणि २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. मुंबई ‘लाल’ क्षेत्रात असल्याने टॅक्सी-रिक्षांना सरसकट परवानगी नव्हती. पुढे ‘पुन्हा प्रारंभ’ मोहिमेत जूनपासून अत्यावश्यक कामासाठी चालक आणि दोन प्रवासी, अशी मर्यादा घालून वाहतूक हळूहळू सुरू झाली. अनोळखी प्रवाशांनी एकाच टॅक्सीतून जाण्याची स्वस्त सोय दोन्ही कंपन्यांनी मार्च २०२० मध्येच थांबवली होती. जगभर हीच स्थिती होती. उबरच्या प्रवासी व्यवसायाची एकूण उलाढाल एप्रिल ते जून २०२० या तिमाहीत आदल्या वर्षीच्या तुलनेत सुमारे तीन चतुर्थांशाने घसरली. मे महिन्यात उबरने भारतातील सहाशे, तर ओलाने चौदाशे कर्मचाऱ्यांना घरी पाठवले.

मुंबईची गोष्ट मात्र एका बाबतीत वेगळी होती. येथे लोकल १५ जून २०२०पासून केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी धावू लागली. सर्वसामान्यांना १ फेब्रुवारी २०२१पासून ठरावीक वेळेत प्रवेश मिळाला, तो एप्रिलमध्ये पुन्हा बंद झाला आणि लशीच्या दोन मात्रा घेतलेल्यांना १५ ऑगस्ट २०२१पासून डब्यात पाऊल ठेवता आले. या मधल्या काळात ज्याला कामावर जाणे भागच होते, त्याच्यापुढे बेस्टची बस किंवा टॅक्सी-रिक्षा हाच मार्ग होता. त्यामुळे त्या वेळी जो टॅक्सीत बसला, तो निर्भय होता असे म्हणता येत नाही. अनेकदा तो केवळ निरुपाय होता.

चेंबूरला तर भीतीचे आणखी एक कारण होते. फेब्रुवारी २०२१ मध्ये दुसरी लाट येऊ घातली असताना महापालिकेच्या एम-पश्चिम विभागात, म्हणजे चेंबूर-टिळकनगर परिसरात, रुग्णवाढीचा वेग शहराच्या सरासरीपेक्षा अधिक होता. रुग्ण प्रामुख्याने इमारतींमध्ये सापडत होते आणि पालिकेने पाचशेहून अधिक गृहनिर्माण संस्थांना सूचनापत्रे धाडली. टॅक्सी परवडणारा वर्गच तेव्हा दाराआड बसला होता.

इच्छा म्हणजे नेमके काय?

साथीनंतर अनेक देशांत संशोधकांनी प्रवाशांची ही ‘तयारी’ मोजण्याचा प्रयत्न केला. त्यासाठी मानसशास्त्रज्ञ आयझेक आयझेन यांनी मांडलेल्या ‘नियोजित वर्तना’च्या सिद्धान्ताचा आधार अनेकदा घेतला जातो. हा सिद्धान्त सांगतो की, एखादी कृती करण्याचा माणसाचा मानस तीन गोष्टींवर ठरतो. पहिली, त्या कृतीविषयी त्याचे स्वतःचे मत. दुसरी, घरच्यांना व परिचितांना ती कितपत पसंत आहे याची जाणीव. आणि तिसरी, ती कृती आपल्याला सहज जमेल की नाही याविषयीचा अंदाज.

चेंबूरच्या प्रवाशाला हे तिन्ही निकष लावून पाहता येतात. टॅक्सी धोक्याची आहे काय, हे त्याचे मत. ‘बाबा, इतक्यात टॅक्सीने जाऊ नका’ असे सांगणारी मुलगी, हा घरचा दबाव. आणि गाडी बोलावल्यावर ती येईल काय, वेळेत व ठरलेल्या भाड्यात पोहोचवील काय, हा जमण्या-न जमण्याचा प्रश्न. साथीच्या काळात सारी चर्चा पहिल्या दोन गोष्टींभोवती फिरली. निर्णायक ठरली ती तिसरी.

पुसण्याचे समाधान, हवेचे सत्य

भीती दूर करण्यासाठी कंपन्यांनी २०२० मध्ये बरेच उपाय योजले. चालकाने मुखपट्टी लावल्याची खात्री छायाचित्रावरून होऊ लागली, पुढच्या व मागच्या आसनांमध्ये प्लास्टिकचा पडदा आला, आसने व दांड्या जंतुनाशकाने पुसल्या जाऊ लागल्या. प्रवाशाच्या डोळ्यांना दिसणारे असल्याने या उपायांनी त्याला धीर आला, यात शंका नाही. परंतु विज्ञान पुढे वेगळ्या दिशेने गेले. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने, दूषित पृष्ठभागाला एकदा स्पर्श झाल्याने लागण होण्याची शक्यता साधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी असल्याचे सांगितले. खरा धोका होता तो हवेतून.

ब्राऊन विद्यापीठातील संशोधकांनी डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास या संदर्भात लक्षणीय आहे. चालक पुढे आणि प्रवासी तिरक्या दिशेला मागे बसला असता गाडीतील हवा कशी वाहते, याचे गणित त्यांनी संगणकावर मांडले. सर्व काचा बंद ठेवून वातानुकूलन चालवणे सर्वांत वाईट आणि चारही काचा उघडणे सर्वांत चांगले ठरले. दोनच काचा उघडायच्या असतील, तर त्या दोघांच्या शेजारच्या नसून समोरच्या बाजूंच्या असाव्यात, हा मात्र अनपेक्षित निष्कर्ष होता. भारतातील उजव्या हाताच्या चालकासन पद्धतीनुसार प्रवासी मागे डावीकडे बसला असेल, तर पुढची डावी आणि मागची उजवी काच खाली घ्यावी. त्यामुळे दोघांमध्ये वाऱ्याचा एक पडदा तयार होतो. प्लास्टिकच्या पडद्यासाठी पैसे पडतात. या पडद्याला काहीही पडत नाही.

रिक्षेला तर काचाच नसतात. एरवी धूर आणि धुळीसाठी तिला नावे ठेवणाऱ्यांना साथीच्या काळात तिचा हा मोकळेपणा जमेचा वाटावा, हे स्वाभाविकच होते.

भीती ओसरली, अडचण उरली

२ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या दिवशी, राज्यातील करोनाविषयक निर्बंध उठले आणि मुखपट्टी ऐच्छिक झाली. ५ मे २०२३ रोजी जागतिक आरोग्य संघटनेनेही आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. प्रवासी परतले, किंबहुना अपेक्षेपेक्षा लवकर परतले. पण त्यांना भेटलेली टॅक्सी २०१९ची नव्हती.

याची कारणे चालकाच्या बाजूने पाहिल्याशिवाय उमगत नाहीत. टाळेबंदीत मिळकत थांबली, हप्ते मात्र डोक्यावर राहिले. रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या सहा महिन्यांसाठी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. व्याज मात्र चढतच राहिले. मे २०२०मध्ये आपली रिक्षा-टॅक्सी घेऊन नाशिकमार्गे थेट उत्तर प्रदेश गाठणाऱ्या चालकांची दृश्ये मुंबईने पाहिली. एप्रिल २०२१च्या निर्बंधांत राज्य सरकारने परवानाधारक रिक्षाचालकांना प्रत्येकी १५०० रुपयांची मदत जाहीर केली; एवढ्यात महिन्याचा हप्ताही भागणे कठीण होते. २०२२मध्ये इंधन व सीएनजीचे दर वारंवार वाढले. त्या एप्रिलमध्ये उबरने मुंबईतील भाडे १५ टक्क्यांनी वाढवले. मीटरच्या टॅक्सीचे किमान भाडे मार्च २०२१ मध्ये २५, ऑक्टोबर २०२२ मध्ये २८ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ३१ रुपये झाले. रिक्षाचे अनुक्रमे २१, २३ आणि २६.

खर्च आणि मिळकत यांचा मेळ बसेना, तेव्हा चालकाने आपल्या हाती होते ते केले. कुठे जायचे व पैसे रोख की ऑनलाइन, हे विचारून फेरी रद्द करणे आणि वातानुकूलन बंद ठेवणे हे नित्याचे झाले. यातील विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. २०२० मध्ये प्रवासी आरोग्यासाठी काचा उघड्या ठेवू पाहत होता. दोन वर्षांनी चालक इंधनासाठी त्या उघड्या ठेवू लागला, तेव्हा त्याच प्रवाशाला ती फसवणूक वाटली. काच तीच होती. ती उघडण्याचा निर्णय कोणाचा, हे बदलले होते. मे २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ओला व उबर या दोघांनाही नोटिसा बजावल्या, त्यांत फेरी रद्द होणे आणि त्यापोटी लागणारा आकार या तक्रारी होत्या. विषाणूचा त्यांत उल्लेख करण्याचे कारण उरले नव्हते.

नियमांचा उशीर

या सेवेला नियमांच्या चौकटीत बसवण्यासाठी केंद्राने नोव्हेंबर २०२० मध्ये मार्गदर्शक तत्त्वे दिली. त्यांनुसार मागणी वाढली तरी भाडे मूळ दराच्या दीडपटीहून अधिक नसावे आणि भाड्याचा किमान ८० टक्के वाटा चालकाला मिळावा, असे ठरले. महाराष्ट्राचे स्वतःचे नियम मात्र रखडले. मार्च २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कंपन्यांना परवान्यासाठी अर्ज करण्यास सांगितले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. अखेर मे २०२५ मध्ये राज्याचे धोरण आले. चालकाने फेरी रद्द केल्यास भाड्याच्या १० टक्के किंवा १०० रुपये, यांतील कमी असेल तो दंड. प्रवाशाने रद्द केल्यास ५ टक्के किंवा ५० रुपये, यांतील कमी असेल तो, अशी तरतूद त्यात आहे. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलै २०२५ मध्ये, पुरेसे भाडे मिळत नाही म्हणून चालकांनी मुंबईत संप केला. दंडाने गाडी थांबवता येते. ती दाराशी आणायची तर फेरी परवडावी लागते, हे त्या संपाने दाखवून दिले.

कोणाचे अडते?

धडधाकट माणूस टॅक्सी मिळाली नाही तर कुरकुरत स्थानकाकडे वळतो. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात उपचारासाठी निघालेल्या कर्करुग्णाला, चेंबूरच्या एखाद्या चाळीतून केईएमला जाणाऱ्या वृद्धेला वा रात्री उशिरा टर्मिनसवर उतरलेल्या एकट्या स्त्रीला तो मार्ग मोकळा नसतो. रिक्षा सायनपुढे जात नाही, गर्दीच्या लोकलमध्ये संसर्गाची धास्ती आणि कुर्ल्याचा जिना. अशा प्रवाशांची टॅक्सीत बसण्याची इच्छा कधी संपलीच नव्हती. प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांसाठी आजही उघडी काच आणि मुखपट्टी यांचे मोल कायम आहे. तिसऱ्यांदा रद्द झालेल्या फेरीवर मात्र त्यांच्यापाशी कोणताही इलाज नसतो.

म्हणूनच पुढील साथीची तयारी करताना प्रवाशांच्या भीतीचे मोजमाप करून थांबणे पुरेसे होणार नाही. भीती आकड्यांबरोबर वाढते आणि त्यांच्याबरोबरच ओसरते. गाड्यांमध्ये वारा खेळता ठेवण्याचा साधा नियम आधीच ठरवावा, वाहतूक थांबवावी लागली तर मीटरच्या टॅक्सीबरोबर अ‍ॅपच्या चालकालाही मदतीच्या यादीत स्थान असावे, आणि रुग्णालयाच्या फेऱ्या रद्द होणार नाहीत अशी व्यवस्था परवान्याच्या अटींतच असावी. चेंबूरचा प्रवासी टॅक्सीत बसायला केव्हाच तयार झाला आहे. बोलावलेली टॅक्सी त्याच्या फाटकापर्यंत येते की नाही, यावरच त्याच्या भरवशाचे भवितव्य अवलंबून आहे.