तोंड सुकलेली वांगी

माझा धंदा मराठी शिकवण्याचा. ‘कोमेजणे’ या क्रियापदावर वर्गात मी अर्धा तास सहज बोलतो. पण त्याचा खरा अर्थ मला कळला तो भंडारा जिल्ह्यातल्या सिहोऱ्याच्या आठवडी बाजारात, मे महिन्यातल्या भर दुपारी!

सुटीत साडूंकडे गेलो होतो. सौ.ने पिशवी हाती दिली. उघड्यावर बसलेल्या एका बाईपुढची सुरकुतलेली वांगी पाहून मी ऐटीत निम्मा भाव सांगितला. ती म्हणाली, “सकाळी हेच वांगे आरशासारखे होते जी. उन्हानं तोंड सुकवलं त्यायचं.” अखेर तिने निम्म्यातच दिली.

घरी मी पराक्रम सांगितला. साडूंचे चिरंजीव शेतकी कॉलेजात शिकतात. त्यांनी माझाच तास घेतला. “काका, तोडलेलं वांगंही श्वास घेतच असतं. झाडावर असताना ऊन पाणी उडवतं, पण मुळं ते भरून देतात. देठ तुटला की पगार बंद आणि खर्च चालू!”

वांग्यात शेकडा ९० भागांहून अधिक पाणी. त्यातले पाच-दहा भाग उडाले की सुरकुत्या पडतात. उष्णतामान दहा अंशांनी चढले की श्वसनाचा वेग दुप्पट-तिप्पट होतो. आणि उन्हातले काळे वांगे भोवतालच्या हवेहूनही तापते. टोमॅटो ३० अंशांपुढे नीट लाल होत नाही, पिवळट राहतो. बटाटा उजेडात हिरवा पडतो आणि त्यात विषारी सोलॅनिन वाढते.

उपाय साधे आहेत : पहाटे तोडणी, सावली, ओले गोणपाट. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेत १९८०च्या दशकात विजेवाचूनची शीतपेटी तयार झाली. विटांच्या दुहेरी भिंती, मध्ये ओली वाळू. माठ गार होतो त्याच न्यायाने ती गार राहते. विदर्भाच्या कोरड्या उन्हाळ्यात ही युक्ती उत्तम चालते. पण उघड्या बाजारात बसणारीला आधी डोक्यावर छप्पर हवे!

रात्री हिशेब मांडला. पाणी उडाले, म्हणून तराजूत तिचा माल कमी भरला. तोंड सुकले, म्हणून भाव पडला. पहिली लूट उन्हाची, दुसरी माझी.

पुढच्या बाजाराला सकाळीच गेलो आणि सांगेल तो भाव दिला. तिने दोन वांगी वर टाकली. म्हणाली, “सकाळचे आहेत जी!”