सफरचंद, माणूस आणि डोंगर

शाळेत चित्रकलेच्या तासाला टेबलावर एक कळशी, दोन कांदे आणि एक वांगे मांडून ‘हे काढा’ असे सांगण्यात आले, म्हणजे पुष्कळ मुलांचा विरस होतो. लढाई, गलबत किंवा वाघ काढावयाचा सोडून कांदे कसले काढावयाचे, असे त्यांना वाटते. युरोपात शेकडो वर्षे थोरामोठ्यांचीही समजूत अशीच होती. पुराणातील किंवा इतिहासातील प्रसंगाचे चित्र सर्वांत श्रेष्ठ, त्याखाली माणसाचे व्यक्तिचित्र, त्याखाली निसर्गचित्र, आणि सर्वांत शेवटी निर्जीव वस्तूंचे स्थिरचित्र, अशी चित्रांची उतरंडच तेथील कलापीठांनी लावून ठेवली होती. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधील एका हट्टी चित्रकाराने ही उतरंड मानली नाही. त्याच्या लेखी सफरचंद, माणूस आणि डोंगर हे तिन्ही सारखेच अवघड व सारखेच मोलाचे होते. या चित्रकाराचे नाव पॉल सेझान.

सेझानचा जन्म दक्षिण फ्रान्समधील एक्स-आँ-प्रोव्हाँस या जुन्या शहरात १९ जानेवारी १८३९ रोजी झाला. हा प्रदेश लख्ख उन्हाचा, तांबड्या मातीचा, ऑलिव्ह आणि पाइन वृक्षांचा. सेझानचे वडील प्रथम टोप्यांचे व्यापारी होते. पुढे त्यांनी स्वतःची पेढी काढली. शाळेत पॉलची एमिल झोला या मुलाशी मैत्री जडली. झोला गरीब घरचा, अशक्त, आणि बाहेरगावाहून आलेला. त्यामुळे इतर मुले त्याला वाळीत टाकीत. पॉल मात्र त्याच्याशी बोलत असे, आणि त्यापायी त्याने एकदा सोबत्यांचा मारही खाल्ला. दुसऱ्या दिवशी झोलाने त्याला सफरचंदांनी भरलेली एक मोठी करंडी आणून दिली. ही आठवण सेझानने म्हातारपणी आपल्या एका तरुण मित्राला सांगितली. झोला पुढे फ्रान्सचा विख्यात कादंबरीकार झाला. सुट्टीच्या दिवशी हे दोघे मित्र नदीवर पोहत आणि शहराच्या पूर्वेस उभ्या असलेल्या सँत व्हिक्तवार या डोंगराच्या परिसरात मनसोक्त भटकत. सफरचंदे आणि डोंगर या दोन गोष्टी त्याच्या आयुष्यात इतक्या लवकर आल्या होत्या.

मुलाने कायदा शिकावा व पेढी सांभाळावी, अशी वडिलांची इच्छा होती. पॉलने काही काळ कायद्याचा अभ्यास केलाही. पण त्याचे चित्त त्यात रमेना. १८६१ साली तो पॅरिसला गेला, निराश होऊन परतला, वडिलांच्या पेढीत बसला, आणि पुढच्याच वर्षी पुन्हा पॅरिसला गेला. तेथील सरकारी कलाशाळेने त्याला प्रवेश नाकारला. दरसाल भरणाऱ्या ‘सालाँ’ नावाच्या मोठ्या प्रदर्शनासाठी तो चित्रे पाठवी, आणि परीक्षक ती परत करीत. हा क्रम वर्षानुवर्षे चालला. साऱ्या आयुष्यात सालाँने त्याचे चित्र स्वीकारले ते एकदाच, १८८२ साली.

सेझानने काय साधले हे समजण्यासाठी तैलरंगाचा स्वभाव थोडा ठाऊक हवा. रंगाची बारीक पूड जवसाच्या तेलात घोटली की तैलरंग तयार होतो. पाण्यातले रंग पाणी उडून गेले की वाळतात. जवसाचे तेल तसे उडून जात नाही. ते हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्यामुळे तैलरंग दिवसचे दिवस ओला राहतो. चित्रकाराला तो खरवडता येतो, बदलता येतो, एका थरावर दुसरा थर चढविता येतो. पूर्वी तयार रंग प्राण्यांच्या मूत्राशयाच्या पिशव्यांत भरून ठेवीत. पिशवीला भोक पाडले की तो वाळू लागे. १८४१ साली जॉन रँड या अमेरिकन चित्रकाराने कथिलाची, पिळून रंग काढावयाची नळी शोधून काढली. तेव्हापासून रंगांची पेटी पाठीवर टाकून शेताच्या बांधावर जाऊन तैलचित्र काढणे सोपे झाले. विचार करकरून, वारंवार थांबत काम करणाऱ्या सेझानला हे संथ माध्यम फार मानवले.

तरुणपणीची त्याची चित्रे काळपट आहेत. रंगाचे जाड थर त्यांत कणीक थापल्यासारखे थापलेले दिसतात. १८७२ च्या सुमारास तो कामीय पिसारो या आपल्याहून वयाने मोठ्या चित्रकाराच्या सहवासात आला, आणि त्याची दृष्टी पालटली. पिसारो त्याला घेऊन उघड्यावर चित्रे काढीत असे. सावली काळी नसते, तिच्यातही रंग असतात. काळा व तपकिरी रंग दूर ठेवावा. डोळ्यांसमोर जे दिसते त्याच्याशी प्रामाणिक राहावे, हा धडा सेझानने पिसारोपासून घेतला. उतारवयात एक्सच्या एका प्रदर्शनात त्याची चित्रे मांडली गेली, तेव्हा यादीत आपल्या नावापुढे त्याने ‘पिसारोचा शिष्य’ अशी नोंद करविली. तोपर्यंत तो स्वतः तरुण चित्रकारांचा गुरू झाला होता, हे लक्षात घेतले म्हणजे या नोंदीतील कृतज्ञता ध्यानी येते.

आता त्याची सफरचंदे पाहू. एका सफरचंदाने पॅरिसला थक्क करून सोडीन, अशी ईर्ष्या त्याने बोलून दाखविली होती असे सांगतात. सफरचंदच का? एक तर ते पुष्कळ दिवस टिकते. सेझानचे काम इतके मंद चाले की, फुले काढावयास घेतली तर ती कोमेजून जात; म्हणून तो कधीकधी कागदी फुले समोर ठेवी. शिवाय सफरचंद गोल असते, आणि गोल वस्तू सपाट कापडावर गोल दिसावी हे चित्रकलेतील एक मूळचेच कोडे आहे. जुने चित्रकार ते छायाप्रकाशाने सोडवीत. एका बाजूस उजेड, दुसऱ्या बाजूस काळोख. सेझानने ते रंगाने सोडविण्याचा प्रयत्न केला. तांबडा, नारिंगी, पिवळा हे उष्ण रंग डोळ्यास जवळ आल्यासारखे वाटतात. हिरवा, निळा हे शीत रंग मागे सरल्यासारखे वाटतात. सफरचंदाचा जो भाग पुढे आलेला तेथे उष्ण रंग, आणि कडेला जसजसा तो वळत जाईल तसतसे शीत रंग, असे लहान लहान फटकारे तो शेजारी शेजारी मांडी. अशा रीतीने काढलेले फळ हातात घेतल्यास जड लागेल असे वाटते.

वस्तूंची मांडणी करण्यातच त्याचे कितीतरी तास जात. रुमालाला चुण्या पाडाव्या, फळे इकडून तिकडे हलवावी, एखादे फळ हवे तसे कलावे म्हणून त्याखाली नाणी सारावी, असे त्याचे चाले. आणि इतकी खटपट करून काढलेल्या चित्रात टेबलाची कड रुमालाच्या एका बाजूस वर तर दुसऱ्या बाजूस खाली असते! शिकागो येथील संग्रहालयात असलेल्या सफरचंदांच्या करंडीच्या चित्रात ही गंमत स्पष्ट दिसते. परीक्षेत एखाद्या मुलाने असे टेबल काढले तर त्याचे गुण निश्चित कापले जातील. पण आपण टेबलासमोर बसतो तेव्हा डोळे एका जागी खिळवून बसत नाही. मान वळते, नजर करंडीवरून बाटलीवर जाते, आणि प्रत्येक वेळी वस्तू किंचित निराळी दिसते. ही फिरती नजर सेझानच्या चित्रात उतरली आहे. पुढील पिढीतील चित्रकारांना याच गोष्टीने फार विचार करावयास लावले.

माणसांचे चित्र काढतानाही त्याची पद्धत बदलली नाही. १८६६ साली त्याने वडिलांचे एक मोठे चित्र काढले. उंच पाठीच्या खुर्चीत बसून ते वर्तमानपत्र वाचीत आहेत. ते वर्तमानपत्र वडिलांच्या नेहमीच्या वाचनातले नव्हे; ज्यात झोला नव्या चित्रकारांची बाजू घेऊन लिहीत असे ते आहे. आणि खुर्चीमागच्या भिंतीवर टांगलेले दिसते ते सेझाननेच काढलेले एक लहानसे स्थिरचित्र! मुलाचे चित्रकार होणे ज्यांना नापसंत, त्यांच्याच डोक्यामागे मुलाने आपले चित्र टांगून ठेवले. हट्ट आणि प्रेम दोन्ही त्या कापडावर एकत्र आहेत. वडील १८८६ साली वारले. त्यांनी ठेवलेल्या संपत्तीमुळेच सेझानला चित्रे विकली न जाताही आयुष्यभर चित्रे काढता आली, हेही येथे सांगितले पाहिजे.

पत्नी ओर्ताँस हिची त्याने पंचवीसहून अधिक तैलचित्रे काढली. त्यांतल्या बहुतेकांत ती गंभीर, स्तब्ध बसली आहे. इतका वेळ बसावयाचे म्हटल्यावर हसू कोठून टिकणार? या बैठकांची खरी कल्पना येते ती आंब्रवाझ व्होलार या चित्रविक्रेत्याच्या आठवणींवरून. सेझानचे केवळ त्याच्याच चित्रांचे पहिले प्रदर्शन १८९५ साली पॅरिसमध्ये व्होलारनेच भरविले. तेव्हा सेझान ५६ वर्षांचा होता. १८९९ साली व्होलार त्याच्यापुढे व्यक्तिचित्रासाठी बसू लागला. त्याची खुर्ची एका डगमगत्या खोक्यावर ठेवली होती. बसल्या बसल्या व्होलारला डुलकी लागली आणि तो खुर्चीसह खाली कोसळला. सेझान संतापला. सफरचंदासारखे निश्चल बसावे, सफरचंद कधी हलते काय, असे त्याचे म्हणणे! व्होलार सांगतो की, अशा ११५ बैठका झाल्या. चित्रातील हातावर दोन बारीक ठिपके कोरेच राहिले होते. ते भरण्याविषयी विचारले असता सेझानने उत्तर दिले, की तेथे चुकीचा रंग पडला तर त्या जागेपासून सारे चित्र नव्याने काढावे लागेल. शेवटी चित्र अपुरेच सोडून तो गावी निघून गेला; मात्र सदऱ्याचा पुढचा भाग बरा साधला आहे, एवढे समाधान त्याने व्यक्त केले.

व्होलारने हसत सांगितलेल्या या गोष्टीतून सेझान माणसाला दगडासारखा लेखीत असे, असा समज होण्याचा संभव आहे. तो खरा नव्हे. १८९० नंतर त्याने पत्ते खेळणाऱ्या शेतमजुरांची पाच चित्रे रंगविली. पूर्वीच्या चित्रकारांनी असे प्रसंग काढले ते बहुधा गुत्त्यातील गोंगाटाचे, भांडणाचे किंवा फसवाफसवीचे. सेझानचे मजूर हातातल्या पानांकडे एकाग्रतेने पाहत आहेत. कोणी ओरडत नाही, कोणी हसत नाही. त्यांच्या बसण्यात एखाद्या जुन्या वाड्याच्या भिंतींचा भक्कमपणा आहे. कष्टकरी माणसाला इतक्या गांभीर्याने पाहणे हाच त्याचा गौरव होता.

राहिला डोंगर. सँत व्हिक्तवार १०११ मीटर उंच असून पांढुरक्या चुनखडीचा आहे. सकाळी तो निळसर, दुपारी पांढरा, सायंकाळी गुलाबी दिसतो. सेझानने त्याची तीसहून अधिक तैलचित्रे काढली, जलरंगांतली निराळीच. एकच डोंगर पुन्हा पुन्हा काढण्याचा त्याला कंटाळा कसा आला नाही? मृत्यूच्या सुमारे दीड महिना आधी त्याने आपल्या मुलाला पत्र लिहिले. नदीकाठी एकाच जागी बसून नुसते किंचित डावीकडे वा उजवीकडे वळले तरी महिनोन्‌महिने पुरतील एवढे विषय मिळतात, असे त्यात म्हटले आहे. डोंगराच्या आरंभीच्या चित्रांत पाइनच्या फांद्या, शेते आणि खोऱ्यातील रेल्वेचा कमानदार पूल ओळखू येतो. अखेरच्या चित्रांत झाडे, घरे, शेते यांच्या जागी हिरव्या, निळ्या व गेरूच्या रंगाचे चौकोनी फटकारे उरतात. तरीही त्यांतून डोंगर उभा राहतोच. निसर्गाकडे दंडगोल, गोल आणि शंकू या आकारांच्या द्वारे पाहावे, असे त्याने १९०४ साली एका तरुण चित्रकाराला लिहिले होते.

१९०२ साली एक्सच्या उत्तरेस लोव्ह टेकडीवर त्याची नवी चित्रशाळा बांधून झाली. तेथे सकाळी काम करावे, आणि दुपारी पेटी घेऊन डोंगरासमोर जावे, असा त्याचा परिपाठ होता. आपल्याला जे दिसते ते कापडावर उतरत नाही, ही खंत त्याच्या अखेरच्या पत्रांत वारंवार आढळते. १५ ऑक्टोबर १९०६ रोजी तो उघड्यावर चित्र काढीत असता वादळी पावसात सापडला व भोवळ येऊन पडला. कपडे धुणाऱ्याच्या गाडीतून त्याला घरी आणण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा चित्रशाळेच्या बागेत गेला. व्हालिए नावाच्या त्याच्या वृद्ध माळ्याचे व्यक्तिचित्र अपुरे होते. तेथून तो परतला तो अगदी क्षीण होऊन. १७ ऑक्टोबरला त्याने रंगविक्रेत्याला एक चिठ्ठी पाठविली. आठ दिवसांपूर्वी मागविलेल्या एका तांबड्या रंगाच्या दहा नळ्या अद्याप का आल्या नाहीत, अशी तीत तक्रार होती. पाच दिवसांनी त्याचे निधन झाले.

पुढील वर्षी पॅरिसमध्ये त्याची ५६ चित्रे एकत्र मांडण्यात आली, आणि तरुण चित्रकारांची ती पाहावयास रीघ लागली. पिकासो तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. आंरी मातीस याने तर १८९९ सालीच, हाताशी पैसा नसताना, व्होलारकडून सेझानचे एक लहान चित्र विकत घेतले होते. ते त्याने ३७ वर्षे आपल्यापाशी ठेवले व मग पॅरिस शहराच्या संग्रहालयाला दिले. लोव्ह टेकडीवरील चित्रशाळा जतन केलेली आहे. ज्या बरण्या, कवट्या आणि प्लास्टरचा जो छोटा पुतळा त्याच्या चित्रांत पुन्हा पुन्हा दिसतो, त्या वस्तू तेथे पाहावयास मिळतात.