झोपेची गोळी : माझा अनुभव आणि थोडी उपयुक्त माहिती



गेल्या कोजागरीला दूध आटत असताना गप्पा झोपेवर आल्या. ‘को जागर्ति’चा अर्थ कोणीतरी मुलांना सांगत होते. तेवढ्यात एक काका हसत म्हणाले, “मला विचारा, मी तर रोजच जागा असतो!” सगळे हसले. मात्र थोड्या वेळाने कळले की आम्हा सात-आठ जणांपैकी तिघांच्या उशाशी झोपेच्या गोळ्या होत्या, आणि तिघांनीही ते घरी नीट सांगितले नव्हते. त्या तिघांपैकी एक मी. म्हणून हा लेख.

सुरुवात कशी झाली

खकनारजवळ माझी केळीची बाग आहे. पंपाची वीज कित्येकदा रात्रीच येते, त्यामुळे अपरात्री उठून पाणी द्यायला जाणे हा वर्षानुवर्षांचा नेम. मुलाने शेती हाती घेतली आणि माझे जाणे थांबले, पण डोळा रात्री दोनला उघडायचा तो उघडतच राहिला. त्यातच पत्नीचे आजारपण आले. बुऱ्हाणपूरच्या डॉक्टरांनी मला अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी १५ दिवसांसाठी लिहून दिली. पहिल्या रात्री लागलेली गाढ झोप मला अजून आठवते.

चूक पुढे झाली, आणि ती माझी होती. १५ दिवसांनी मी डॉक्टरांकडे परत गेलोच नाही. ओळखीच्या मेडिकलवर आधी जुनी चिठ्ठी आणि नंतर नुसती रिकामी पट्टी दाखवून गोळ्या आणत राहिलो. सहा महिन्यांत एकीच्या दोन झाल्या. दोन वर्षे असे चालले. हरिपाठाच्या तोंडपाठ ओळी अडू लागल्या. घरच्यांना वाटले, वय झाले.

एके दिवशी मुलाने पट्टी पाहिली. बोलाचाली झाली आणि रागाच्या भरात मी सगळ्या गोळ्या फेकून दिल्या. पुढच्या तीन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. हात थरथरत, घाम फुटे, छातीत धडधड होई. हृदयाचा त्रास समजून मुलगा बुऱ्हाणपूरला घेऊन गेला. कार्डिओग्राम चांगला निघाला. तेव्हा डॉक्टरांनी विचारले, “काका, एखादी गोळी एकदम बंद केलीत का?” मग मी खरे सांगितले.

ही गोळी करते काय?

आपल्या मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक द्रव्य असते. मेंदूची धावपळ कमी करणे हे त्याचे काम. अल्प्राझोलाम, डायझेपाम, क्लोनाझेपाम, नायट्राझेपाम या गोळ्या त्याचा परिणाम वाढवतात. या वर्गातील पहिले औषध १९६० मध्ये बाजारात आले. झोल्पिडेम हे त्यानंतरचे औषधही त्याच ठिकाणी काम करते.

रोज बाहेरून मदत मिळू लागली की मेंदू तिच्याशी जुळवून घेतो. मग तीच गोळी कमी पडते आणि माणूस दुसरी घेतो. एकदम बंद केली तर दाबलेली स्प्रिंग सुटावी तसे होते : झोप पूर्वीपेक्षाही उडते, जीव घाबरतो, काही जणांना झटकेही येऊ शकतात. मी या अवस्थेला ‘जुना आजार परत आला’ असे समजत होतो. खरे तर तो गोळी तुटल्याचा परिणाम होता.

म्हणूनच या गोळ्या साधारणपणे दोन ते चार आठवड्यांपुरत्या मानल्या जातात. दुःखाच्या किंवा आजारपणाच्या काळात डॉक्टरांनी दिलेली गोळी घेण्यात गैर काही नाही. मलाही तिने आधार दिलाच. पण तिची मुदत डॉक्टरांनी ठरवावी.

चिठ्ठी का मागतात?

अल्प्राझोलाम, डायझेपाम, नायट्राझेपाम आणि झोल्पिडेम ही औषधे १ मार्च २०१४ पासून ‘एच-१’ या अनुसूचीत आहेत. दुकानदाराने चिठ्ठी पाहूनच ती द्यायची, डॉक्टर व रुग्ण यांची नावे वेगळ्या वहीत लिहायची आणि ती नोंद तीन वर्षे ठेवायची असा नियम आहे. पाकिटावर लाल चौकटीत इशारा असतो. चिठ्ठी मागणाऱ्या दुकानदारावर आपण रागावतो, पण तो आपलेच भले करत असतो.

कोणी विशेष जपावे?

- ६५ वर्षांपुढील मंडळींनी. रात्री उठताना तोल जातो, पडून खुब्याचे हाड मोडते, विसरभोळेपणा वाढतो.
- मोठ्याने घोरणाऱ्यांनी आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांनी.
- दारू घेणाऱ्यांनी. दारू आणि ही गोळी एकत्र आली तर श्वास मंदावून जीव जाऊ शकतो.
- सकाळी लवकर मोटरसायकल किंवा ट्रॅक्टर चालवणाऱ्यांनी. गुंगी सकाळपर्यंत उरू शकते.
- स्त्रियांनी. झोल्पिडेम त्यांच्या शरीरातून सावकाश बाहेर पडते, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये स्त्रियांसाठीची मात्रा १० वरून ५ मिलिग्रॅमवर आणली. “माझी गोळी तुम्ही घेऊन पाहा” असे वहिनींना कधीही म्हणू नये. मी म्हणालो होतो, याची आज लाज वाटते.

गोळी कशी सुटली?

डॉक्टरांनी मात्रा थोडी थोडी कमी करत पाच महिने घेतले. दर टप्प्याला दोन-चार रात्री वाईट गेल्या, मग बसत गेले. प्रत्येकाचा हिशेब वेगळा असतो, त्यामुळे माझे वेळापत्रक कोणी उचलू नये.

सोबत सवयीही बदलल्या. झोप कधीही लागो, उठायचे रोज साडेपाचलाच. दुपारची लांब झोप बंद. तीननंतर चहा नाही. खाटेवर पडून मोबाईल किंवा हिशेबाची वही नाही. वीसेक मिनिटांत झोप आली नाही तर उठून ओट्यावर बसायचे आणि डोळे जड झाले की परत जायचे. हे घरगुती उपाय वाटतील, पण विचार आणि सवयी बदलण्याच्या उपचाराचाच हा भाग आहे. जुनाट निद्रानाशावर गोळीच्या आधी हाच उपचार करावा, असे अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ मध्ये सांगितले.

आजही कधी कधी दोनला जाग येते. ओट्यावर बसतो, केळीच्या पानांची सळसळ ऐकतो आणि परत झोपतो. हरिपाठ आता अडत नाही.

एक विनंती. आई-बाबांच्या उशाशी पट्टी दिसली तर रागावू नका आणि ती फेकूही नका. “किती दिवसांपासून घेता?” एवढे प्रेमाने विचारा आणि डॉक्टरांकडे सोबत जा. जाणे जमत नसेल तर सरकारच्या टेलि-मानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. झोप न येणे म्हणजे वेड नव्हे. ते लपवल्याने मात्र माझी दोन वर्षे गेली.